बेट कधी येणार?

चेन्नईत हवामान दोनच ठिकाणी असतं: नुंगंबाक्कमला आणि मीनंबाक्कमला. रोज बातम्यांत याच दोन जागांचं तापमान सांगतात. बाकीच्या चेन्नईनं आपापलं बघून घ्यावं. आम्ही नुंगंबाक्कमला राहतो, त्यामुळे आमच्या घामाची सरकारदरबारी नोंद होते. आमच्या ह्यांना याचा फार अभिमान. पुण्याहून कुणी फोनवर ‘काय म्हणतेय चेन्नई?’ असं सहज विचारलं, तरी हे दशांश चिन्हासकट उत्तर देतात.

ही वेधशाळा कॉलेज रोडवर आहे. 1792 साली बांधलेली. एके काळी देशातल्या आगगाड्या तिच्या ‘मद्रास वेळे’वर धावायच्या, आणि मुंबईची वेळ तिच्यापेक्षा अर्धा तास मागे असायची. हे कळल्यापासून आमचे हे स्टेशनवर दीड तास आधी पोचतात. मी मूळची मुंबई इलाख्यातली. मी अजून मागेच आहे.

आमच्या वस्तीचं नाव लेक एरिया. आम्ही पहिल्यांदा घर बघायला आलो तेव्हा मी एजंटाला विचारलं, ‘लेक कुठून दिसतं?’ तो चार मिनिटं तमिळमध्ये हसला. इथं मोठं तळं होतं, ते बुजवून त्यावर वस्ती उभी राहिली. जवळच टँक बंड रोड आहे. तिथं टँक नाही आणि बंडही नाही. पण तळं गेलं तरी त्याला पत्ता पाठ आहे. वर्षभर सासरी नांदतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात माहेरपणाला येतं. 2015 साली आलं ते मुलाबाळांसकट आलं. 2023 साली मिचाँग वादळाचं बोट धरून आलं. चार दिवस राहतं, खालच्या मजल्यावरच्या लोकांकडे जेवतं आणि जाताना थोडा चिखल ओटीत घालून जातं.

आम्ही इथं तीन वर्षांसाठी आलो होतो. ह्यांची बदली ‘तात्पुरती’ होती. त्याला अकरा वर्षं झाली.

यंदाच्या नोव्हेंबरात आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं पूर्ण झाली. पस्तीस म्हणजे काठावर पास, तेव्हा साजरं करायला हवंच होतं. शेजारचे नवरा-बायको नुकतेच अंदमानला जाऊन आले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवत होते. त्यात त्या बाई हॅट घालून निळ्या पाण्याकडे बघतायत आणि त्यांचा नवरा त्यांच्याकडे बघतोय, असा एक फोटो होता. तो मी ह्यांना तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा हे म्हणाले, ‘मी सगळं ठरवलंय. एक हजार वर्षांचं जुनं शहर, आणि तिथून जवळच एक बेट.’

‘बेट?’

‘बेट.’

‘पाणी कसं आहे?’

‘चारी बाजूंनी,’ हे म्हणाले, ‘आणि भरपूर.’

पुण्याचा माणूस खोटं बोलत नाही. तो फक्त विचारलं तेवढंच सांगतो.

मी मालवणची. बेट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. लहानपणी किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसायचा. पाहुणा आला की त्याला होडीत घालायचा, किल्ला दाखवायचा, आणि त्याला मळमळायला लागलं की परत आणून सोलकढी पाजायची. होडी, माड आणि मळमळ, या तीन गोष्टी जिथं नाहीत ते बेट नव्हे, अशी माझी व्याख्या होती. म्हणून मी पाँडी बझारमधून एक हॅट घेतली. रुंद कडेची, निळ्या रिबिनीची. विक्रेत्यानं साडेतीनशे सांगितले, मी दोनशेला मिळवली.

एग्मोरला आम्ही अर्थातच दीड तास आधी पोचलो. फलाटावर गाडी लागली ती उळवन एक्स्प्रेस. उळवन म्हणजे शेतकरी. शेतकऱ्याच्या गाडीनं कुणी निळ्या पाण्याकडे जात नाही, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती. डब्यावरची पाटी वाचली: तंजावूर. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या इतिहासाच्या मास्तरांचा आनंद होता.

‘अगं, आपलं राज्य होतं तिथं!’

तिथून पुढचे दोन दिवस ‘आपलं’ हा शब्द मी किती वेळा ऐकला, याची नोंद वेधशाळेनंही ठेवली नसती. शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ व्यंकोजी, ज्याला एकोजीही म्हणतात, त्यानं 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं. पुढे 1855 पर्यंत, म्हणजे एकशे ऐंशी वर्षं, भोसल्यांची गादी तिथं होती. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की एकोजी तिकडे राज्य करायला गेलाच नव्हता. विजापूरच्या आदिलशहानं त्याला कामगिरीवर पाठवलं होतं: मदुरैच्या नायकाच्या ताब्यातून तंजावर सोडव, तिथल्या मूळ नायकाच्या वारसाला गादीवर बसव आणि ये. त्यानं वारसाला बसवलं आणि थोड्याच दिवसांत उठवून स्वतः बसला. थोडक्यात, बदली तात्पुरती होती.

पहाटे तंजावरला उतरलो. बाहेर रिक्षावाला म्हणाला तीनशे. ह्यांचं तमिळ तीस दिवसांत तमिळ शिकवणाऱ्या पुस्तकातून आलेलं आहे, आणि त्यातले पहिले अकरा दिवसच यांनी केलेत. माझं तमिळ भाजीवालीकडून आलंय, त्यामुळे मला फक्त घासाघीस येते, पण ती उत्तम येते. मी दीडशेवर आणलं होतं. तेवढ्यात ह्यांनी मध्ये पडून त्याला सांगितलं, की आम्ही महाराष्ट्रातले, म्हणजे इथल्या राजांच्या गावाकडचे. रिक्षावाल्यानं आदरानं ऐकलं. मग मला म्हणाला, ‘अक्का, साहेब राजाच्या घरचे आहेत, तर मी तीनशे कसे घेऊ? चारशे द्या.’

हॉटेलात इडली आली, वडा आला आणि बादलीभर सांबार घेऊन वाढपी आला. ह्यांनी त्याचा हात धरला. म्हणजे खरोखर धरला, पळी हवेत राहिली. आणि त्याला इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, की या पदार्थाचं नाव संभाजी महाराजांवरून पडलं आहे. गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: तंजावरच्या शाहूजी राजाच्या मुदपाकखान्यात आमटी चालली होती, कोकम संपलं, कुणीतरी चिंच सुचवली, पाहुणे संभाजीराजे खूश झाले, म्हणून सांबार. याला कागदावर काही आधार नाही, हे ह्यांना माहीत आहे. पण इडलीसमोर बसलं की ह्यांना कागद लागत नाहीत. वाढप्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलावली. आणि म्हणाला, ‘सांबार वेणुमा सार?’ हवंय का?

मला त्या गोष्टीवर वेगळाच आक्षेप आहे. राजाच्या घरी कोकम संपलंच कसं? आमच्या मालवणात एखाद्या घरात कोकम संपलं तर ते तीन पिढ्या बोलून दाखवतात. मुदपाकखान्यावर बाईमाणूस नव्हतं, हाच त्याचा अर्थ.

मग बृहदीश्वर. तिथं मात्र मी हॅटबिट सगळं विसरले. राजराज चोळानं 1010 साली पुरं केलेलं देऊळ. 216 फूट उंचीचं विमान, सगळं ग्रॅनाइटमध्ये, आणि त्या भागात ग्रॅनाइट मिळत नाही, तो दुरून आणलेला. मान वर करून बघता बघता माझी हॅट मागे पडली आणि नंदीच्या दिशेनं घरंगळत गेली. एका शाळकरी मुलीनं ती आणून दिली आणि ‘फोटो?’ म्हणाली. मी पोझ दिली. तिला मी फोटो काढायला हवी होते. तिच्या मैत्रिणींचा.

पश्चिमेकडच्या बाजूला सकाळची छान गार सावली होती. तिथं एक गाइड वीस-पंचवीस जणांना गोळा करून सांगत होता, की या विमानाची सावली जमिनीवर कधीच पडत नाही, हा चोळांच्या शास्त्राचा चमत्कार. सगळे ‘अय्यो!’ म्हणाले. गाइडसकट सगळे त्याच सावलीत उभे होते. हे पुढे होऊन काही बोलणार होते, पण मी ह्यांची पिशवी ओढली. इतकी चांगली सावली होती. उगाच वाद घालून उन्हात कुणी जायचं?

आणि मग नैर्ऋत्येकडची ती भिंत आली. इथं दुसऱ्या सरफोजी राजानं 1803 साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत दगडावर खोदून ठेवलाय. जगातल्या सगळ्यांत लांब शिलालेखांत त्याची गणना करतात. मजकूर त्याच्या चिटणिसाचा, बाबुरायाचा. सांगेल ते लिहून घ्यायला राजाला चिटणीस होता आणि छापायला देऊळ होतं. आमच्या ह्यांना गेली अकरा वर्षं दोन्ही नाही, म्हणून सगळं मला ऐकावं लागतं. ह्यांचे डोळे पाणावले. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात, ओळीमागून ओळ मराठी! ह्यांनी चष्मा बदलला आणि बोट ठेवून, मोठ्यानं, एकेक अक्षर जुळवत वाचायला लागले. जुनं मराठी, झिजलेला दगड आणि ह्यांचा बदललेला चष्मा, तेव्हा वाचन अडखळतच चाललं होतं. पण आवाज मात्र खणखणीत.

पाच मिनिटांत आमच्या मागे एक आजीबाई येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. मग त्यांची सून. मग आणखी दोघी. देवळाच्या भिंतीपाशी एक गोरासा, पांढऱ्या केसांचा माणूस डोळे बारीक करून न कळणाऱ्या भाषेत काहीतरी म्हणतोय, म्हणजे स्तोत्रच असणार. ह्यांनी भोसल्यांची वंशावळ सुरू ठेवली. एका पिढीवर अडखळले, तशी आजीबाईंनी ‘गोविंदा’ म्हटलं. शेवटी थकून हे वळले, तर आजी वाकल्या. हे घाबरून दोन पावलं मागे सरकले. मी तमिळमध्ये सांगायचा प्रयत्न केला की ही घराण्याची हकिकत आहे. पण मला घासाघिशीपलीकडचं तमिळ येत नाही. आजींनी माझ्या हातावर कुंकू ठेवलं आणि ह्यांच्याकडे बोट दाखवून ‘नल्ल मनुषन’ म्हणाल्या. चांगला माणूस. पस्तीस वर्षांत एवढं स्वच्छ प्रमाणपत्र ह्यांना कुणी दिलं नव्हतं, तेही भिंत वाचल्याबद्दल.

हे सगळं बाजूच्या ओवरीत बसून एक वयस्क गृहस्थ बघत होते. वेष्टी, खांद्यावर पंचा, कपाळाला गंध. ते हसत उठून आले आणि बोलायला लागले. ह्यांनी त्यांना इंग्रजीत उत्तर दिलं. दोन वाक्यं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की अहो, हे मराठी बोलतायत! तंजावरी मराठी. तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली, वाटेत तमिळ चालीत न्हालेली, काही शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे आणि हेल थेट कुंभकोणमचे. मला निम्मं कळत होतं. मालवणीच्या कानाला कुठलीच मराठी परकी नसते. पण ह्यांची पंचाईत बघवत नव्हती. सकाळपासून ज्या मराठीला शोधत होते ती समोर उभी राहिली आणि हे तिला ‘एक्स्क्यूज मी?’ म्हणत होते.

ते काका फार गोड होते. म्हणाले, त्यांच्या घरी आता तिसऱ्या पिढीला ही भाषा समजते, बोलता येत नाही. मुलं चेन्नईला आणि परदेशात. मग थोडं संकोचून त्यांनी ह्यांना एक गोष्ट सांगितली. तुमच्या मराठीत हिंदी फार आहे.

सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. मी ह्यांना पाणी दिलं.

दुपारी देऊळ बंद. तमिळनाडूत बहुतेक देव बारा-साडेबाराला विश्रांती घेतात ते चारपर्यंत उठत नाहीत. पर्यटक कुरकुर करतात. आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र एकदम घरी आल्याची कळा आली. ‘एक ते चार!’ असं म्हणत हे राजवाड्याकडे निघाले.

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे, आणि तिथं मला सरफोजी राजा आवडायला लागला. त्याची हकिकत ऐका. 1798 साली गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारनं तह करून राज्यकारभार काढून घेतला. उरला किल्ला, मान आणि तनखा. वय बावीस. एखादा असता तर शिकारी आणि मैफली यांत उरलेलं आयुष्य घालवलं असतं. यानं पोथ्या जमवल्या. इंग्रजी आणि इतर भाषांतली पुस्तकं मागवली. नागरी अक्षरांचा छापखाना काढला आणि 1806 साली इसापनीती मराठीत छापली. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव होता. त्याचं काय चाललं होतं ते मी ह्यांना विचारलं, तर ह्यांनी विषय बदलला. डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवले, आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून केसपेपर ठेवले. ते अजून आहेत. आमचे चार महिन्यांपूर्वीचे रिपोर्ट आम्हाला सापडत नाहीत.

1820 साली तो काशीयात्रेला निघाला, तो तीन हजार माणसं बरोबर घेऊन. तीन हजार! मी दोन माणसांचं सामान बांधताना ह्यांची बी.पी.ची गोळी विसरले होते. आणि नेपोलियनचा पराभव झाला म्हणून यानं समुद्रकाठी आठ मजली मनोरा बांधला. त्याचं नावच मनोरा.

‘नेपोलियननं याचं काय घोडं मारलं होतं?’ मी विचारलं.

‘इंग्रजांना बरं वाटावं म्हणून,’ हे म्हणाले.

‘समुद्रकाठी म्हणालात ना? मग आपण तिथं का जात नाही?’

‘कारण तिथं बेट नाही,’ हे म्हणाले, आणि यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

बाहेर पडताना ह्यांनी अत्यंत प्रेमानं सांगितलं, की याच ग्रंथालयानं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ नावाचं मराठी पुस्तक छापलंय, राजवाड्यातल्या स्वयंपाकाचं. पस्तीस वर्षांत ह्यांनी मला आपण होऊन सुचवलेलं हे पहिलं मराठी पुस्तक. मी म्हटलं, येत्या मे महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. राज्य गेल्यावर राजानं काय काय करावं ते आत सगळं मांडून ठेवलंय, आणि स्वयंपाकाचंही पुस्तक आहे. तेव्हा कुणी कुणाला काय सुचवायचं? त्यानंतर बराच वेळ हे गप्प होते. मला वाटतं, राजवाड्याचं छत बघत होते.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं बेटाकडे निघालो. मी हॅट घातली. सनस्क्रीन लावलं. ड्रायव्हरनं आरशातून एकदा बघितलं आणि आरसा नीट केला. तंजावर ते तिरुचिरापल्ली रस्ता दोन्हीकडे भातखाचरांचा, डोळे निववणारा. माझे निवले ते मिटलेच. जाग आली तेव्हा गाडी गर्दीत उभी होती. एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला बारावीच्या क्लासचा फलक, समोर बस.

‘बेट कधी येणार?’ मी विचारलं.

‘आलं की,’ हे म्हणाले. ‘दहा मिनिटं झाली.’

मी खिडकीतून बाहेर बघितलं. फळवाला. एटीएम. चपलांचं दुकान. ‘पाणी?’

ह्यांनी मला बाटली दिली.

तर ते होतं श्रीरंगम. तिरुचिरापल्लीच्या वर कावेरी दोन वाटांनी फुटते. दक्षिणेकडची कावेरी आणि उत्तरेकडची कोळ्ळिडम. मध्ये जे उरतं ते बेट. नकाशात बघितलं तर शंका घ्यायला जागा नाही. चारी बाजूंनी पाणी, आणि भरपूर. मी झोपेत पूल ओलांडला होता. मी मालवणला भावाला फोटो पाठवला: औषधाचं दुकान, बस आणि हॅटमधली मी. त्याचं उत्तर आलं, ‘गो, ह्यां बेट? पाणी खंय आसा?’

हे म्हणाले, मुंबईसुद्धा सात बेटांचीच. दादरला उतरताना कुणी होडी शोधतं का? हा मुद्दा बरोबर होता आणि म्हणूनच मला फार राग आला.

रंगनाथाचं देऊळ म्हणजे एक गावच आहे. एकाच्या आत एक असे सात तट, एकवीस गोपुरं, आणि बाहेरच्या तटांच्या आत राहती घरं, किराणा दुकानं, कॉफी, शिवणयंत्र दुरुस्ती. देवाच्या अंगणात कुणाच्या तरी दोरीवर कपडे वाळत घातलेले. दक्षिणेच्या दारावरचं राजगोपुर तेरा मजली, दोनशे तीस फुटांहून उंच. त्याचा तळ विजयनगरच्या काळात झाला आणि काम थांबलं. सुमारे चारशे वर्षं नुसता पाया होता, तो पुरा झाला 1987 साली. आमच्या पुण्याच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट बारा वर्षं रखडलंय म्हणून मी हाय खाल्ली होती. आता मला तो बिल्डर घाईचा वाटतो.

देव इथं कसा आला, ती गोष्ट आम्हाला कॉफीवाल्यानं सांगितली. बिभीषण लंकेला निघाला होता. रामानं त्याला रंगनाथाचं विमान भेट दिलेलं. वाटेत कावेरी लागली, स्नान-संध्या करायची होती, म्हणून एका मुलाच्या हातात विमान दिलं. तो मुलगा होता गणपती. त्यानं ते सरळ खाली ठेवलं. बिभीषण येऊन बघतो तर हलेना. चिडून मुलाच्या मागे धावला, तो पलीकडच्या खडकावर जाऊन बसला. म्हणून तिरुचिरापल्लीच्या त्या उंच खडकावर पिळ्ळैयार. आणि देव? बिभीषणाला वाईट वाटू नये म्हणून लंकेकडे तोंड करून इथंच झोपला.

‘म्हणजे याचीही बदली तात्पुरती होती,’ मी म्हटलं. कॉफीवाल्याला कळलं नाही. ह्यांना कळलं.

तिथून जवळ, त्याच बेटावर, तिरुवानैकावल आहे. जंबुकेश्वर. पंचमहाभूतांतलं जलतत्त्वाचं लिंग. गाभारा खोलगट आणि लिंगाभोवती जमिनीतून पाणी झिरपतं. समोरून दार नाही, नऊ भोकांची दगडी खिडकी आहे, त्यातून बघायचं. दुपारच्या पूजेला तिथला पुजारी साडी नेसून, देवीच्या रूपात येतो. गर्दीत डोकं घालून मी एका भोकातून बघितलं. आत समईच्या उजेडात खाली काहीतरी ओलं चमकत होतं.

‘सापडलं,’ मी ह्यांना सांगितलं. ‘पाणी आत ठेवलंय.’

संध्याकाळी अम्मा मंडपम घाटावर मात्र खरी कावेरी भेटली. भरलेली, मातकट, घाई नसलेली. मी हॅट काढून पायरीवर उलटी ठेवली आणि पाण्यात पाय सोडून बसले. हे शेजारी बसले आणि पलीकडे हात करून 1677 ची हकिकत सांगू लागले. याच बेटाच्या दुसऱ्या अंगाला जी कोळ्ळिडम वाहते, तिच्याच उत्तर तीरावर पुढे तिरुमळपाडीला शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला. एकोजीला भेटायला बोलावलं. वडिलांच्या इस्टेटीतला अर्धा वाटा मागितला. बोलणी चालली, जेवणं झाली, आणि एका रात्री एकोजी गुपचूप नदी ओलांडून तंजावरला पळाला.

ह्यांनी हे फार गंभीरपणे सांगितलं, पण मला गहिवर वगैरे आला नाही. मला आमचे थोरले काका आठवले. दोन हापूसची झाडं आणि एक विहीर यांच्या वाटणीला तेही असेच जेवून उठून गेले होते. फक्त आमच्याकडे नदी नव्हती, म्हणून केस कुडाळच्या कोर्टात चालली.

अंधार पडायला लागला तसे उठलो. हॅट उचलली तर जड लागली. आत अकरा रुपये होते. एक दहाची नोट, एक नाणं. मी पाण्यात पाय सोडून बसलेली असताना कुणीतरी सज्जनानं माझ्या मागून दान केलं होतं.

‘ठेव,’ हे म्हणाले. ‘ट्रिपचा खर्च निघायला लागला.’

बेटावर रेल्वे स्टेशन आहे, हेही मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. अर्थातच दीड तास बघितलं. रात्रीच्या गाडीनं निघालो. या वेळी मी जागी राहिले, आणि कोळ्ळिडमच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला तेव्हा खिडकीला नाक लावून खाली बघितलं. काळंभोर, रुंद, संपतच नव्हतं. बेट सोडताना कळलं की बेट होतं. मग पावसाचे थेंब काचेवर आले आणि काही दिसेना.

पहाटे एग्मोरला उतरलो तोवर पावसानं ताल धरला होता. रात्रभर पडत होता म्हणे. ह्यांनी फोन काढून पावसाचे आकडे बघितले. चेन्नईत पाऊस सेंटिमीटरमध्ये मोजतात, तरी आकडा मोठाच होता. ‘नुंगंबाक्कम पहिलं!’ हे म्हणाले, मुलगा बोर्डात आल्यासारखं. रिक्षा मिळाली. स्टर्लिंग रोडपर्यंत ठीक होतं. वळ्ळुवर कोट्टमच्या अलीकडे रिक्षावाल्यानं ब्रेक मारला आणि पुढे बोट दाखवलं.

‘उळ्ळे पोगादुम्मा. फुल्ला तण्णी.’

आत जाणार नाही, सगळं पाणी. तळं माहेरी आलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडापासून पार टोकापर्यंत सपाट, शांत, राखाडी पाणी. त्यात कुणाची तरी प्लास्टिकची बादली संथपणे फिरत होती. कडेची दोन माडाची झाडं वाकून स्वतःला बघत होती. मध्ये आमची इमारत. चारी बाजूंनी पाणी, आणि भरपूर. खालच्या मजल्यावरची मंडळी जिन्यात पायऱ्यांवर बसून कॉफी पीत होती. पालिकेचे दोन लोक एक होडी ओढत येत होते.

ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, सूटकेस डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलणार होते, पण तीस दिवसांच्या पुस्तकातला हा धडा ह्यांनी केलेला नव्हता.

मी पिशवीतून हॅट काढली, झटकली आणि घातली.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘आधी एक फोटो काढा. माझ्याकडे बघत.’